एकतिसावं पान

सूड घ्यायचा तर तो नियमात बसवून घ्यायचा, हे ताईने फार आधी ठरवलं होतं. आरडाओरडा नाही, चहाडी नाही, कुणाला बोट दाखवायला जागा नाही. कागद स्वच्छ, भाषा सभ्य, आणि समोरचा माणूस साफ तोंडघशी. दोन वर्षं तिने हा डूख मनात धरून ठेवला होता, आणि त्या दोन वर्षांत ती त्या माणसाशी, ज्याला टीममध्ये झटपट म्हणत, एकदाही वाकडं बोलली नव्हती. उलट त्याच्या वाढदिवसाला केक तिनेच कापायला लावला होता.

ऑफिसात तिला सगळेच ताई म्हणत, तिच्याहून दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या संचालकबाईसुद्धा. कंपनी गाड्या चालवायची. साध्या गाड्या नव्हेत, चाकाची खुर्ची माणसासकट आत चढवता येईल अशा, रुग्णांना घरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून घरी पोहोचवणाऱ्या. ज्याला गाडी हवी त्याने वेबसाइटवर नोंदवायची. त्या दिवसापासूनच्या आठवड्याची नोंदणी दर सोमवारी सकाळी सातला उघडायची, आणि सात वाजून एका मिनिटाने शहरातली सगळी दुखणाईत घरं तिच्यावर तुटून पडायची. सगळ्यात पुढे डायलिसिसवाले. आठवड्यातून तीनदा यंत्रावर पडून रक्त धुऊन घ्यायचं, त्यातला पहिला दिवस सोमवार, आणि नऊची वेळ चुकली की यंत्र दुसऱ्याला.

ही वेबसाइट ताईने उभी केली होती, एकटीने, नऊ वर्षांपूर्वी. बारा कंटेनरवर. कंटेनर म्हणजे काय हे ती नव्या माणसाला एका वाक्यात सांगायची: बारा सारखे डबे, प्रत्येकात आपला प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान भरलेलं, आणि बाराही डबे अष्टौप्रहर चालू, कुणी येवो न येवो. सोमवारी सातला हे बारा डबे घामाघूम व्हायचे. लोकांना थोडं थांबावं लागायचं, पडद्यावरचं चाक दहा-पंधरा सेकंद फिरायचं, पण कुणी रिकाम्या हाताने परत जायचं नाही.

आठ वर्षांपूर्वी झटपट आला. हे नाव टीमने ठेवलं, कारण त्याच्या तोंडी तो एकच शब्द असायचा. चुणचुणीत होता, शिकायची हौस होती, आणि ताईने त्याला हाताला धरून शिकवलं. पहिल्याच महिन्यात तो वेबसाइटमधल्या अकरा दोषांची यादी छापून घेऊन आला होता. शाबासकी मिळेल म्हणून चेहरा नुसता फुलला होता. ताईने यादी न वाचताच परत दिली.

"आधी मिटव, मग लिही," ती म्हणाली. "मी नुसत्या याद्या वाचत नाही. दोष दिसला तर तो तुझा. मिटवलास की माझ्याकडे ये आणि सांग, असा असा दोष होता."

हे तिचं स्वतःचं नव्हतं, अप्पांचं होतं. तिचे वडील अप्पा लिफ्टचे मेकॅनिक होते. प्रत्येक इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत एक वही टांगलेली असायची, मेकॅनिकने येऊन काय बिघडलंय ते तिच्यात लिहायचं. अप्पा दुरुस्ती झाल्याशिवाय वहीला हात लावायचे नाहीत. त्यांच्या हातची नोंद वहीत दिसली की रखवालदार न विचारता लिफ्ट चालू करायचा. ताईच्या टीममध्येही हळूहळू तसंच झालं. आणि टीममधली चाचणीवाली, जिला सगळे शंकाबाई म्हणत, कारण ती सूर्य उगवला म्हटलं तरी खिडकीशी जाऊन बघणारी, ती जगातल्या कुठल्याही माणसाचं काम दोनदा तपासायची. ताईचं मात्र कधीच नाही.

मग दोन वर्षांपूर्वी अप्पा गेले.

त्यांच्या शेवटच्या दुखण्यापायी ताई सहा दिवस सुट्टीवर होती. तिसऱ्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी अप्पा गेले आणि त्यांना निरोप दिला त्याच दिवशी, झटपटने घाईघाईत एक न तपासलेला बदल वेबसाइटवर चढवला आणि ती तीन तास आडवी झाली. संचालकबाईंनी विचारलं, हे कुणाचं काम? झटपट म्हणाला, "ताईंनी जाण्याआधी अर्धवट ठेवलं होतं, त्याचं झालंय." एवढंच. एक वाक्य. ताई परत आली तेव्हा तांत्रिक प्रमुखाची जागा, जी तिला तोंडी कबूल झाली होती, झटपटला मिळालेली होती. काचेची खोली, दारावर पाटी. ताईने नोंदी काढल्या, कुणी किती वाजता काय चढवलं ते दाखवलं. संचालकबाईंनी कागदाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, झालं ते झालं. तुम्ही दुःखात आहात. उकरून काढू नका."

तिच्या दुःखाचासुद्धा त्या माणसाने पायपुसण्यासारखा वापर केला, हे तिच्या डोक्यातून जाईना. चूक केली असती तर तिने माफ केली असती. चुका कोण करत नाही? पण वडिलांना पोहोचवायला गेलेल्या बाईवर खापर फोडायचं, कारण ती उत्तर द्यायला तिथे नाही, याला काय म्हणायचं?

संधी चालत आली. झटपटने नवी योजना मांडली: कंटेनर बंद, सगळा कारभार सर्व्हरलेसवर.

"सर्व्हरलेस म्हणजे सर्व्हर नसतो?" संचालकबाईंनी विचारलं.

"असतो, पण आपला नसतो," झटपट म्हणाला. तो अशा वेळी उभा राहून हात हलवत बोलायचा. "आपण फक्त काम लिहून द्यायचं. एक माणूस वेबसाइटवर आला, त्याच्यासाठी एक फंक्शन, म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅम, उभं राहणार. काम झालं, गायब. हजार आले, हजार उभी राहणार. ताईंची व्यवस्था म्हणजे बारा चुली दिवसभर पेटलेल्या, जेवायला कुणी असो नसो. आणि सोमवारी सातला बाराच्या बाराच. लोकांनी का थांबायचं?"

सगळे हसले. ताईही हसली. चुलीचं वाक्य तिने मनात नीट घडी घालून ठेवून दिलं.

"दोन्हींची तुलना करून अहवाल हवा," संचालकबाई म्हणाल्या. "ताई, तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

तीन आठवडे ताईने दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी चालवून पाहिल्या, आणि खरं सांगायचं तर झटपटची कल्पना वाईट नव्हती. हेच तिला जास्त झोंबलं. दिवसभर तुरळक गर्दी आणि सोमवारी लोंढा, अशा वेबसाइटला सर्व्हरलेस शोभून दिसलं असतं. पहिल्या माणसाला फंक्शन जागं होईपर्यंत दोन सेकंद लागायचे, पण तेवढं चालण्यासारखं होतं. डब्यांची निगा नाही, आवृत्त्या बदलायची कटकट नाही. तिने हे सगळं प्रामाणिकपणे लिहिलं.

मग एका दुपारी तिने खोट्या गिऱ्हाइकांचा लोंढा सोडून बघितला. झटपटने चाचणी केली होती साठ माणसांवर. तिने सोडली दोन हजार, सोमवारी सातला येतात तेवढी. एका मिनिटाच्या आत डेटाबेस बंद पडला.

कारण इतकं साधं होतं की तिला हसू आलं. सगळ्या नोंदी ज्या डेटाबेसमध्ये राहतात तो एका वेळी सव्वाशे जोडण्यांपेक्षा जास्त घेत नाही. तिचे बारा डबे प्रत्येकी आठ जोडण्या धरून बसायचे आणि त्याच आलटून पालटून वापरायचे. शहाण्णव. म्हणून तर लोकांना थांबावं लागायचं, दाराशी रांग तिने मुद्दाम ठेवली होती. सर्व्हरलेसमध्ये रांगच नाही. दोन हजार माणसं, दोन हजार फंक्शनं, आणि प्रत्येक फंक्शन स्वतःची वेगळी जोडणी मागत डेटाबेसच्या दारावर धडका मारणार. सव्वाशेच्या पुढे दार लागतं आणि मग आतले आणि बाहेरचे सगळेच अडकतात.

इलाजही साधा होता. मध्ये एक मध्यस्थ बसवायचा, जो मोजक्या जोडण्या आपल्या हातात ठेवील आणि फंक्शनांना आळीपाळीने देईल. दोन दिवसांचं काम. ताईच्या हाताला तर दीड दिवसाचं.

ती खुर्चीत मागे रेलून बसली. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या काचा पुसणारे दोरावर लोंबकळत होते. झटपट काचेच्या खोलीत फोनवर मोठमोठ्याने कुणाला तरी सांगत होता की तो अहवालांचं पहिलं पानच वाचतो, कामाचं सगळं त्यातच असतं, पुढचं म्हणजे पाणी. ताईला हे नवीन नव्हतं. गेली दोन वर्षं तो हे फुशारकीने सांगायचा.

तिने पहिल्या पानावर लिहिलं: वेबसाइटच्या गर्दीचं स्वरूप पाहता सर्व्हरलेस व्यवस्था योग्य आहे. तपशील आत.

आणि एकतिसाव्या पानावर, तक्त्यांच्या मधोमध, लिहिलं: फंक्शनांची संख्या एका वेळी सव्वाशेच्या वर गेल्यास डेटाबेसच्या जोडण्या संपतात व सेवा पूर्ण बंद पडते. फंक्शनं व डेटाबेस यांच्यामध्ये जोडण्यांचा मध्यस्थ असणं अनिवार्य आहे.

शब्द न् शब्द खरा. उद्या कुणी विचारलं तर पान उघडून समोर ठेवता येईल. हे घ्या, मी लिहिलं होतं. वाचलं नाही तर मी काय करू?

संध्याकाळी जेवताना तिने आईला सांगितलं. आईला सर्व्हरमधलं काही कळत नसे, पण झटपटचं नाव निघालं की तिचा हात थांबायचा. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुला माहीत आहे, बंद पडणार."

"लिहून दिलंय ना."

"लिहून दिलंयस," आई म्हणाली. "तुझे अप्पा असते तर..."

"अप्पा असते तर हे झालंच नसतं, आई. अप्पा गेले त्या दिवशीच तर त्याने माझा गळा कापला."

आईने ताट उचललं आणि आत गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

ताईने गणितही पक्कं केलं होतं. लोकांचे हाल करायचे नव्हते तिला, निदान ती स्वतःला तसं सांगत होती. आपले बारा कंटेनर तिने बंद केले नाहीत. "आठवडाभर राहू द्या, असावेत," असं सहज म्हणाली आणि झटपटने हात झटकला. वेबसाइटची वाट जुन्या डब्यांकडे वळवायला तिला चार मिनिटं लागली असती. सातला पडेल, सव्वासातला झटपट धावत येईल, हात जोडेल, आणि ती उपकार केल्यासारखी सगळं परत चालू करील. पंधरा मिनिटांची गैरसोय. तिच्या दोन वर्षांपुढे पंधरा मिनिटं काय मोठी?

अहवालावर झटपटची सही दुसऱ्याच दिवशी आली. दोन आठवड्यांनी, एका शुक्रवारी, नवी व्यवस्था चालू झाली. शनिवार-रविवार सगळं कसं लोण्यासारखं चाललं. संचालकबाईंनी अभिनंदन पाठवलं.

सोमवारी ताई साडेसहालाच ऑफिसात येऊन बसली. केस धुतलेले, इस्त्रीचे कपडे. शंकाबाईने विचारलं सुद्धा, "आज काही विशेष?" ताई म्हणाली, "नव्या व्यवस्थेचा पहिला सोमवार, नको का?"

सात वाजले. आलेखाची रेघ भिंतीसारखी सरळ वर चढली. सात वाजून एक मिनिटाने ती तशीच सरळ खाली पडली, आणि पडदा लाल झाला.

पाचव्या मिनिटाला झटपटची भंबेरी उडालेली होती. तो फंक्शनं वाढवत होता, म्हणजे आगीत लाकडं टाकत होता. आठव्या मिनिटाला ऑफिसातले सगळे फोन एकदम वाजायला लागले. बाराव्या मिनिटाला तो ताईच्या टेबलाशी आला. कपाळावर घाम, शर्टाची एक बाही वर, एक खाली.

"ताई, जुनं चालू आहे ना अजून? वळवा तिकडे. लगेच."

किती वाट पाहिली होती तिने या वाक्याची! तिने चष्मा पुसला.

"वळवते की. पण असं तोंडी नको. मागे एकदा तोंडी बोलण्यावरून माझ्यावर काय आलं, आठवतंय ना? मेल करा. नवी व्यवस्था पडली, जुन्या कंटेनरवर परत जात आहोत, माझा निर्णय. संचालकबाईंना प्रत ठेवा."

झटपट तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात त्याच्या हातातला फोन वाजला, संचालकबाईंचाच, आणि तो "हो मॅडम, हो मॅडम" करत काचेच्या खोलीत गेला. ताई हात मांडीवर ठेवून बसली. घाई तिला नव्हती.

टेबलावरचा फोन वाजत होता. ती सहसा उचलत नसे, ते तिचं काम नव्हतं. पण शंकाबाई एका कानाला एक आणि दुसऱ्या कानाला दुसरा लावून बसली होती, म्हणून तिने उचलला.

"अहो, ते चाक फिरतंय नुसतं," एक म्हातारा माणूस म्हणाला. "पाऊण तास झाला म्हणा ना."

"वीस मिनिटं झालीत काका. होईल सुरू."

"वीस का? मला जास्त वाटली. बायकोला नऊला यंत्रावर घ्यायचंय. शनिवारी तिची वेळ हुकली, ताप होता म्हणून. आज हुकली तर डॉक्टर म्हणाले... आम्ही नेहमी तुमचीच गाडी बोलावतो बरं का, दर सोमवारी. मला ते चाक ओळखीचं झालंय. पंधरा सेकंद फिरतं आणि उघडतं. मी हिला म्हणतो, थांब, उघडेल. नेहमी उघडतं."

ताईचा दुसरा हात माउसवर होता. चार मिनिटांचं काम. मेल आलेला नव्हता. काचेच्या पलीकडे झटपट एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताच्या एका बोटाने टाइप करत होता, पुसत होता, पुन्हा टाइप करत होता. अजून थोडं, तिला वाटलं. दोन ओळी लिहू दे. दोन वर्षं थांबले, दोन ओळी थांबते.

"काका, पत्ता सांगा, मी बघते," ती म्हणाली, आणि तिने पत्ता कागदावर लिहून घेतला.

मेल सात वाजून अडतीस मिनिटांनी आला. तिने तो पूर्ण वाचला, छापला, आणि मग वाट वळवली. पावणेआठला बारा डबे कामाला लागले. चाक पंधरा सेकंद फिरलं आणि उघडलं. तोवर जवळच्या गाड्या फोनवरून भलतीकडे गेल्या होत्या. कागदावरच्या पत्त्याला पोहोचेल अशी गाडी साडेनऊपर्यंत नव्हती. म्हाताऱ्याने शेवटी शेजाऱ्याच्या सामानाच्या टेम्पोत बायकोला आडवी घालून नेलं, हे दुपारी कळलं. यंत्र दुसऱ्याला दिलं गेलं होतं. संध्याकाळी तिला श्वास लागला आणि दवाखान्यात ठेवून घेतलं. ती वाचली. चौकशीच्या कागदात अशा सात जणांची नावं होती, तिचं तिसरं.

चौकशी बुधवारी झाली. लांब टेबल, संचालकबाई, कंपनीचे दोन वकील, अख्खी टीम. ताईने अहवालाच्या प्रती आधीच सगळ्यांसमोर ठेवल्या होत्या, एकतिसाव्या पानावर पिवळी चिठ्ठी लावून.

"हे इथे स्पष्ट लिहिलंय," संचालकबाई वाचून म्हणाल्या. त्यांनी चष्म्यावरून झटपटकडे बघितलं. "तुमची सही आहे याच्यावर. तुम्ही हे पान वाचलं नव्हतं?"

आता तो म्हणणार, मी पहिलंच पान वाचतो. म्हण. सगळ्यांसमोर म्हण.

"वाचलं होतं," झटपट म्हणाला.

ताईला क्षणभर कळेना, आणि मग आनंदाची अशी काही लाट तिच्या अंगातून गेली की तिला टेबलाची कड धरावी लागली. वाचलं होतं! म्हणजे हे तर तिच्या हिशेबापेक्षा शंभर पटीने बरं झालं. न वाचलेला माणूस आळशी ठरतो. वाचून गप्प बसलेला तर कामातूनच गेला.

"वाचलंत आणि काही केलं नाहीत?" एक वकील म्हणाला. "का?"

झटपटने ताईकडे बघितलं. फार वेळ नाही. राग नव्हता त्याच्या तोंडावर, आणि तेच तिला आवडलं नाही.

"विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "मी विचारलं नाही. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही."

त्याच दुपारी त्याच्याकडून राजीनामा घेतला. काचेची खोली ताईला मिळाली. संचालकबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि त्या म्हणाल्या, "तेव्हा मी तुमचं ऐकायला हवं होतं." दोन वर्षं ताईने जे मागितलं होतं ते सगळं एका दुपारी पदरात पडलं, वर माफीसुद्धा.

तरी तिचं समाधान होईना. शेवटचा शब्द राहिला होता. झटपट खोकं उचलून जिन्याने उतरत होता, तेव्हा ती मागोमाग गेली आणि दोन पायऱ्या वर उभी राहिली.

"अप्पा गेले त्या दिवशी तुम्ही माझ्यावर ढकललंत," ती म्हणाली. "मी विसरले असं वाटलं होतं?"

"नाही," तो म्हणाला. त्याने खोकं कठड्यावर टेकवलं. "घाबरलो होतो. घरी बायकोचे दिवस भरत आलेले, नोकरी जाईल असं वाटलं, आणि तोंडातून तुमचं नाव गेलं. रोज वाटायचं सांगून टाकावं. नाही सांगितलं."

"आणि एकतिसावं पान? वाचलं होतंत म्हणे. मग दातखीळ बसली होती?"

"ताई, मी तुमचं सगळं वाचतो. पहिलं पान वगैरे बाहेरच्यांना सांगायला. तुमचा अहवाल मी दोनदा वाचला." तो थांबला. "तुम्ही लिहिलं होतंत. मिटवल्याशिवाय तुम्ही लिहीत नाही. आठ वर्षांत एकदाही नाही. मला वाटलं, मध्यस्थ तुम्ही बसवलाय, म्हणून लिहिलंय."

ताई एक पायरी खाली उतरली.

"आत नाही बोललो," तो म्हणाला. "म्हटलं, मागे एकदा ढकललं, आता नको." त्याने खोकं उचललं आणि उतरून गेला.

पुढच्या आठवड्यात ताईने दीड दिवस बसून मध्यस्थ बसवला. दोन हजार, तीन हजार, पाच हजार खोटी गिऱ्हाइकं सोडून पाहिली. डेटाबेस हूं की चूं करेना. सर्व्हरलेस व्यवस्था आता खरोखरच उत्तम चालली असती, झटपट म्हणायचा तशी, कुणालाही न थांबवता. तिने अहवालाचं एकतिसावं पान काढलं, दोषाच्या खाली तारीख घालून लिहिलं, मध्यस्थ बसवला आहे, आणि पान शंकाबाईच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

शंकाबाईने पान वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"ते पान तेव्हा मीही वाचलं होतं," ती हळूच म्हणाली. "आम्ही सगळ्यांनीच."

ताईने दोषाखालच्या ताज्या ओळीवर बोट ठेवलं.

"ताई, हे आता लिहिलंय ते..." शंकाबाईने नजर वर केली नाही. "केलंय ना खरंच?"

नऊ वर्षांत हा प्रश्न तिला या खोलीत कुणी विचारला नव्हता. अप्पांना तर अख्ख्या आयुष्यात कुणी विचारला नसेल.

"केलंय," ताई म्हणाली.

"बरं," शंकाबाई म्हणाली. तिने पान बाजूला ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि आपल्या पडद्यावर एक एक ओळ उघडून तपासायला सुरुवात केली.